जुन्या मोटारीचें अंतरंग



मोटारीविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे लोक एंजिनाविषयीं बोलतात. तें किती अश्वशक्तीचें आहे, घाटांत धापा टाकतें कीं नाहीं, पेट्रोल किती पितें, यावर दोन गृहस्थ तास तास घालवितात. आज मी त्या बाजूस फिरकणार नाहीं. दार उघडून आंत बसल्यावर जें आपल्या पाठीला, हाताला आणि नाकाला भेटतें तेवढ्यापुरतेंच मी बोलणार आहें. आसनें, त्यांवरचें कातडें किंवा रेक्झिन, दारांना आंतून लावलेल्या फळ्या, पायांखालचा गालिचा, छताचें अस्तर आणि चालकासमोरची घड्याळांची फळी, एवढाच आजचा विषय. जुन्या मोटारीचा जो भाग दुरुस्त करणारांच्या हातून सर्वांत आधीं नाहींसा होतो तो हा. आणि तो दुरुस्तीच्याच नांवाखालीं नाहींसा होत असल्यामुळें त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. उलट गाडी नव्यासारखी झाली म्हणून पेढे वाटले जातात.

हा विषय आतांच काढण्यास एक कारण आहे. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटार वाहनांच्या नियमांत नवीन कलमें घातलीं आणि पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या खासगी मोटारींचा व दुचाकींचा एक वेगळा वर्ग केला. अशा गाडीची नोंदणी निराळी होते, तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात, आणि ती रोजच्या कामाला वा भाड्यानें वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, आणि पेट्रोल भरणें किंवा दुरुस्ती, एवढ्यासाठींच तिला रस्त्यावर आणावयाचें. या वर्गांत बसण्यास गाडी मूळ स्वरूपांत असावी, सांगाडा, बाह्यांग आणि एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अट योग्यच आहे. परंतु तींत नांवें घेतलीं आहेत तीं या तीन वस्तूंचीं. आसनाचें नांव नाहीं. म्हणजे एंजिनावर सरकारची नजर आहे, पत्र्यावर आहे, आणि अंतरंग मात्र सर्वस्वीं मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर आणि कुशनवाल्याच्या कात्रीवर सोडलेलें आहे.

शिवाय आजवर पन्नाशी ओलांडलेली मोटार म्हटली कीं संस्थानिकांची रोल्स-रॉइस डोळ्यांपुढें येत असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. प्रीमियर कंपनीच्या फियाट गाडीला पद्मिनी हें नांव १९७४ च्या सुमारास मिळालें. तेव्हां पहिल्या पद्मिनींनीं २०२४ च्या सुमारास पन्नाशी गांठली, आणि यापुढें दर वर्षीं आणखी कांहीं गाड्या त्या रेषेपलीकडे जातील. ही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. ती डॉक्टरांची, वकिलांची, प्राध्यापकांची, बागाइतदारांची गाडी. ऐकणारांपैकीं कित्येकांच्या घरामागें ताडपत्रीखालीं ती आज उभी असेल. तिला भंगारांत घालावयाचें कीं ठेवावयाचें, आणि ठेवावयाचें तर तिच्या आंतलें काय ठेवावयाचें, हा प्रश्न आतां त्या घरांना सोडवावयाचा आहे.

या गाडीचें मूळ शोधूं गेलें तर तें पुणें जिल्ह्यांतील एका उसाच्या मळ्यापर्यंत पोहोंचतें. इंदापूर तालुक्यांत, बारामतीपासून फार दूर नाहीं अशा कळंब गांवीं, नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं उसाची मोठी शेती केली, १९३३-३४ च्या सुमारास साखरेचा कारखाना उभारला, आणि त्या वस्तीला वालचंदनगर हें नांव पडलें. साखर करतां करतां साखरेचीं यंत्रें करणारा कारखाना तेथें उभा राहिला; पुढें सिमेंटचीं यंत्रें, बाष्पकें, मोठमोठीं दंतचक्रें, आणि अवकाशांत जाणाऱ्या अग्निबाणांचीं कवचेंहि तेथें घडलीं. याच वालचंदशेठजींनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला झाला. प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार होऊन डॉज, प्लिमथ या गाड्या तेथें जोडल्या जाऊं लागल्या. मागाहून इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला. फियाटची अकराशें नंबरची गाडी १९५४ सालीं कुर्ल्याहून बाहेर पडूं लागली. वालचंदशेठजी त्याच्या आदल्याच वर्षीं, १९५३ च्या एप्रिलांत, निवर्तले होते. जी गाडी पुढें जवळ जवळ अर्धें शतक आपल्या दारांपुढें उभी राहिली ती त्यांच्या दृष्टीस पडली नाहीं.

वालचंदनगरसारख्या गांवीं यंत्र दुरुस्त करणारा हात शोधीत फिरावें लागत नाहीं. तेथें फिटर, टर्नर, जोडारी यांच्या पिढ्या झाल्या आहेत. अशा माणसाच्या हातीं जुनी फियाट दिली तर एंजिन हां हां म्हणतां बोलूं लागतें. परंतु मला जी गोष्ट सांगावयाची आहे ती येथेंच सुरू होते. यंत्रशाळेचा पहिला नियम असा कीं झिजलें तें बदला. दंतचक्राचा दांता झिजला, बदला. धारवा झिजला, बदला. हा नियम शंभर टक्के बरोबर आहे; झिजलेला दांता ठेवणारा कारागीर माणसें मारील. पण हाच नियम घेऊन तो कारागीर गाडीच्या आंत शिरला कीं घात होतो. आसनाची कड झिजली आहे, म्हणजे आसन बिघडलें आहे असें नव्हे. तीस वर्षें एक माणूस त्याच बाजूनें चढला आणि त्याच बाजूनें उतरला, एवढाच त्याचा अर्थ. ब्रेक झिजला तर तो त्याचें काम करीत नाहीं. कातडें झिजलें तरी तें त्याचें काम करीतच असतें.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द मोठा पवित्र आहे. पण गांवोगांवीं त्याच्या नांवाखालीं काय चालतें तें आपण पाहतों. सातशें वर्षांच्या काळ्या दगडावर तेलरंग चढतो, गाभाऱ्यांत न्हाणीघरांतल्या फरश्या बसतात, आणि वर देणगीदारांची पाटी लागते. देव तोच राहतो, देऊळ जातें. मोटारीच्या बाबतींत आपण अगदीं हेंच करतों.

या विषयाचा जगांत कांहीं विचार झालेला आहे. जुन्या वाहनांच्या मंडळांचा जो आंतरराष्ट्रीय संघ आहे त्यानें २०१२ सालीं एक सनद संमत केली. ट्यूरिन शहराच्या नांवानें ती ओळखली जाते. जुन्या इमारतींच्या रक्षणाचीं जीं तत्त्वें आहेत तींच तिनें मोटारींना लाविलीं. जतन करणें, टिकाऊ करणें आणि पूर्ववत् करणें या तीन पायऱ्या तिनें निरनिराळ्या मानल्या, आणि शक्यतों खालच्या पायरीवर थांबावें, असा तिचा रोख आहे. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर पुसून भागत असेल तर शिवूं नये, शिवून भागत असेल तर मढवूं नये, आणि मढवावेंच लागलें तर जुनें टाकूं नये. नवीन घातलेलें पुन्हां काढतां येईल असें घालावें, हा तिचा आणखी एक आग्रह. सरसानें चिकटविलेलें उद्यां ऊब आणि ओल देऊन सोडवितां येतें. हल्लींच्या फवाऱ्याच्या डिंकानें चिकटविलेलें सोडवितांना खालचें मूळचें कापड बरोबर येतें.

घरगुती गाडीचें हें झालें. स्पोर्ट्स कारच्या बाबतींत प्रश्न अधिकच नाजूक होतो, कारण तिच्या आंत मुळांतच फार थोडें असतें. उदाहरणार्थ एम्. जी. कंपनीची टी. सी. ही दोन माणसांची उघडी गाडी घ्या. इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या पांच वर्षांत अशा सुमारें दहा हजार गाड्या झाल्या. मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या फेरींत या जातीच्या दुटप्पी गाड्या पाहण्यास लोक रस्त्याच्या कडेला उभे असतात. टी. सी.चा पत्रा ॲश नांवाच्या लांकडाच्या चौकटीवर बसविलेला, तळ प्लायवूडचा, दोघांत मिळून पाठ एकच आणि बैठकी दोन. छताला अस्तर नाहीं, कारण छतच नाहीं. पाऊस आला तर कॅनव्हासचा टप ओढावयाचा. आणि घड्याळांच्या फळीवर एक मौज आहे. चालकासमोर जें मोठें घड्याळ आहे तें एंजिनाचे फेरे दाखवितें. गाडीचा वेग दाखविणारें घड्याळ आहे तें शेजारच्या आसनासमोर. यजमानांनीं गाडी हांकावी आणि वेग किती झाला हें मंडळींनीं सांगावें, अशी ही योजना. मंडळींना तो अधिकार इतर गाड्यांत कोणी न देतांच मिळालेला असतो, ही गोष्ट वेगळी.

अशा गाडींत कातड्याचे चार तुकडे, एक फळी, दोन गालिचे आणि एक टप एवढाच संसार. त्यांतलें कातडें फेंकून चकचकीत लाल रेक्झिन घातलें, फळी काढून तिला यंत्रावर घासून कांचेसारखी केली, म्हणजे १९४७ च्या गाडींत १९४७ चें म्हणून बोट ठेवण्यास कांहींच उरत नाहीं. बाहेरून ती त्या सालची दिसते. आंत बसलें कीं परवांच्या दिवाळींतली वाटते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पहिली गोष्ट म्हणजे कांहींहि उचकटण्यापूर्वीं छायाचित्रें घ्यावींत. आजकाल प्रत्येकाच्या खिशांत तें साधन आहे, तेव्हां शंभर घेतलीं तरी पैसा लागत नाहीं. पायपिंग कोणत्या बाजूनें वळलें आहे, चुका किती अंतरावर ठोकल्या आहेत, पन्हळी किती आहेत, दाराच्या फळीचा स्क्रू कोणत्या छिद्रांतून निघाला, हें सर्व नोंदवावें. बॅटरीची तार आधीं सोडावी. फळीमागच्या कापडी वेष्टनाच्या जुन्या तारा स्पर्शानेंहि तुटतात. निघालेली प्रत्येक वस्तु, मग ती कितीहि कुजलेली असो, चिठ्ठी लावून ठेवावी. कुजलेलें कातडेंहि पुढें नमुन्याचें काम करतें, आणि आसनाच्या घडींत, जेथें ऊन पोहोंचलेलें नसतें तेथें, त्याचा खरा रंग सांपडतो. कित्येक मालक आपली गाडी मूळची तपकिरी होती असें शपथेवर सांगतात आणि घडी उलगडली कीं आंतून गर्द तांबडी निघते.

आपल्याकडच्या घरगुती गाड्यांत याहूनहि एक गंमत आहे. आपण काटकसरी लोक. गाडी घरीं आली कीं तिच्यावर खोळ चढे. खोळ फाटली कीं तिच्यावर दुसरी. त्यामुळें फियाटच्या आसनावरचे थर उकलतांना उत्खनन केल्यासारखें वाटतें. वर हल्लींचें जाळीचें कापड, खालीं टर्किश टॉवेल, त्याखालीं फुलाफुलांचें प्लास्टिक, आणि सर्वांत तळीं कारखान्यांतून आलेलें रेक्झिन, कधीं कधीं अगदीं धडधाकट. ज्या खोळींना आपण हंसत होतों त्यांनींच मूळ वस्तु राखलेली असते. मात्र मधल्या थरांचाहि तळहाताएवढा एकेक तुकडा ठेवावा, असें माझें मत आहे. तोहि त्या घराचा इतिहासच आहे.

आसनाची रचना एकदां समजून घेतली पाहिजे. खालीं लांकडाची किंवा लोखंडी नळ्यांची चौकट. तिच्यावर स्प्रिंगा, सुतळीनें एकमेकींस बांधलेल्या. स्प्रिंगांवर तरट, तरटावर काथ्या किंवा घोड्याचे केंस, त्यावर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर, आणि मग कातडें. बैठक खचली म्हणून ग्राहक येतो तेव्हां दहांपैकीं निम्म्या वेळां तरी कातड्याचा कांहीं दोष नसतो. सुतळी कुजून स्प्रिंगा एका कुशीवर कललेल्या असतात. खालून तरट उसवून, स्प्रिंगा गंज काढून पुन्हां बांधल्या, कीं बैठक उभी राहते आणि वरच्या कातड्याला हातहि लागत नाहीं. घोड्याचे केंस फेंकून देण्याची चूक तर कधींच होऊं देऊं नये. ते धुवावे, उन्हांत वाळवावे, पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावे; पुन्हां तितकेच लवचीक होतात. उलट, ज्याला आपण सरसकट डनलॉप म्हणतों तो जुना रबरी फेस एकदां भुकटी होऊं लागला म्हणजे त्याला औषध नाहीं. तो बदलावाच लागतो. त्या वेळीं एवढेंच पाहावें कीं नवा फेस उंचीला जुन्याएवढाच कापला आहे. दोन माणसांच्या छोट्या गाडींत बैठक दोन बोटें जरी उंच झाली तरी सुकाणूचें चाक मांडीला लागतें आणि समोरच्या कांचेची वरची कड बरोबर डोळ्यांसमोर येते.

कातड्याविषयीं आपल्याकडे समज असा आहे कीं त्याला तेल पाजावें. खोबरेल तेल चोपडलेलीं आसनें मीं पाहिलीं आहेत. पायताणाला तें चालत असेल. मोटारीच्या जुन्या कातड्याच्या पृष्ठावर बहुधा रंगाचा पातळ पापुद्रा असतो, त्यांतून तेल आंत जात नाहीं. तें भेगांतून उतरतें, धाग्यांत मुरतें, खवट होतें, आणि त्यावर धूळ बसून काळें कीट तयार होतें. सौम्य साबणाच्या फेसानें, मऊ फडक्यानें, पाणी शक्य तितकें कमी वापरून पुसावें, आणि सावलींत वाळूं द्यावें. सर्वांत आधीं बोटानें घासून पाहावें. बोटाला तांबूस भुकटी लागली तर तें कातडें आंतून कुजलें आहे. झाडांच्या सालींनीं व फळांनीं कमावलेल्या जुन्या कातड्याला हा रोग होतो. तेथें आग्रह धरण्यांत अर्थ नाहीं. नमुना जपून ठेवून नवें घालावें. कोल्हापुरी चपलेचें कातडें बाभळीच्या सालीनें आणि हिरड्यानें कमावण्याची आपली परंपरा आहे. तेव्हां अशा कातड्याचा हात आणि वास ओळखणारे कारागीर महाराष्ट्रांत सांपडत नाहींत असें कोणी म्हणूं नये. ते मोटारीच्या दुकानांत मिळत नाहींत इतकेंच.

पण भुकटी नसेल, केवळ शिवण उसवली असेल किंवा चीर गेली असेल, तर काम सोपें आहे आणि फार कसोशीचेंहि आहे. चिरेच्या मागून पातळ कापडाचें किंवा तासलेल्या कातड्याचें ठिगळ सरकवावें, लवचीक राहणाऱ्या डिंकानें तें चिकटवावें, वरच्या दोन्ही कडा एकमेकींस भिडवाव्या, आणि रंग लावावयाचा तो फक्त त्या रेषेंत लावावा. सबंध आसन रंगवूं नये. शिवण घालतांना तर एक गोष्ट कारागिराला चार वेळां बजावून सांगावी कीं जुन्याच भोकांतून सुई गेली पाहिजे. शिवणयंत्र नवीं भोकें पाडतें. जुन्या भोकांच्या ओळीशेजारीं नवी ओळ पडली कीं कातडें टपालाच्या तिकिटाच्या कडेप्रमाणें फाटतें. म्हणून येथें मोच्यासारखी दोन सुयांची हातशिवणच हवी. धागाहि अति बळकट नको. हल्लींचा पॉलिएस्टरचा दोरा कधीं तुटत नाहीं, आणि तो तुटत नाहीं म्हणूनच कातडें तुटतें. धागा तुटला तर पुन्हां शिवतां येतो.

रेक्झिनची गोष्ट निराळी. हें मुळांत एका इंग्रजी मालाचें नांव; आपण त्याचें सामान्यनाम करून टाकलें. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचे थर देऊन, तें मऊ राहावें म्हणून त्यांत एरंडेल मिसळून, जुनें रेक्झिन होत असे. पुढें प्लास्टिकचें आलें. दोन्हींमध्यें मऊपणा आणणारें द्रव्य काळेंकरून निघून जातें, आणि एकदां गेलेलें परत घालतां येत नाहीं. तेव्हां रेक्झिन ताठ झालें असेल तर तें वांकवूं नये, ओढूं नये. पेट्रोल, थिनर यांनीं पुसूं नये. आणि बाजारांत चमक आणणारीं जीं सिलिकोनचीं द्रावणें मिळतात त्यांपासून चार हात दूर राहावें. तीं लागलेल्या जागीं पुढें रंग धरत नाहीं कीं डिंक धरत नाहीं.

वालचंदनगरचे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या वडिलांची फियाट त्यांनीं ठेवली आहे. या गाडीचें पुढचें आसन अखंड, बांकासारखें. गिअरचा दांडा सुकाणूपाशीं असल्यामुळें मध्यें मोकळी जागा राहते आणि पुढें तिघे बसतात. घरांतलीं सगळीं मुलें त्या मधल्या जागेवर बसून मोठीं झालीं. आतां आसनाची पुढची कड फाटली तेव्हां त्यांच्या चिरंजीवांचें म्हणणें असें पडलें कीं हा बांक काढून दोन स्वतंत्र आसनें घालावीं, डोक्याला टेकू असावा, कमरेला पट्टे असावे. मुलाचें म्हणणें वेडेपणाचें नव्हतें. अपघातांत मूळ स्वरूप कोणाचा जीव वांचवीत नाहीं. बापलेकांत महिनाभर अबोला नव्हता, पण जेवतांना विषय टळत असे. त्यांनीं मला विचारलें तेव्हां मीं दोन्ही गोष्टी सुटया केल्या. पट्टे अवश्य लावावे; ते सांगाड्याच्या भक्कम भागांत, जाणत्या अभियंत्याकडून, मूळ पत्रा शक्य तितका कमी भोसकून लावावे, म्हणजे काढावयाचे झाले तरी काढतां येतील. सुरक्षिततेसाठीं केलेली अशी भर ट्यूरिनची सनदहि निषिद्ध मानीत नाहीं. परंतु पट्टा हवा म्हणून बांक गेलाच पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. राहिली फाटलेली कड. त्या रंगाचें, त्या दाण्याचें रेक्झिन बाजारांत कोठेंच मिळेना. तेव्हां मागच्या आसनाच्या पाठीमागें, जी बाजू कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं तेथील मूळचें रेक्झिन काढून तें पुढच्या कडेला घातलें आणि त्या आडबाजूला नवें कापड लावलें. बारामतीच्या एका वृद्ध कारागिरानें हें काम चार दिवसांत केलें. नवी खोळ शिवण्यास त्याला एकच दिवस लागला असता, हें त्यानें आम्हांला दोनदां ऐकविलें.

लांकडाबद्दल थोडक्यांत सांगतों. आपल्या हवेंत ॲश लांकडाचा मुख्य शत्रु वाळवी. दाराच्या खांबावर नखानें टिचकी मारून पाहावी. पोकळ वाजलें तर तेवढाच भाग कापून त्याच जातीचा, न मिळाल्यास चांगल्या मुरलेल्या लांकडाचा सांधा भरावा. घड्याळांच्या फळीचा वरचा पापुद्रा सुटला असेल तर सरसानें बसवावा, आणि चकाकी हवीच असेल तर लाखेचें पॉलिश द्यावें. लाख ही आपल्याच देशाची वस्तु. ती परदेशांत जाऊन तेथील फळ्यांवर चढली आणि मोटारींबरोबर परत आली. कांचेसारखें जाड वॉर्निश मात्र नको. तबकड्यांवरचे आंकडे कधींहि पुसूं नयेत. कांच बाहेरून पुसावी आणि थांबावें. जुन्या कांहीं तबकड्यांवर अंधारांत चमकणारा जो रंग असे त्यांत रेडियम असूं शके. तो खरवडूं नये, त्याची धूळ श्वासावाटें जाऊं देऊं नये. एंजिन आणि पाय यांच्यामध्यें उष्णता अडविण्यासाठीं जो पांढुरका पुठ्ठा असतो तोहि हातानें तोडूं नये, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. हीं दोन कामें जाणकाराचीं आहेत, हौसेचीं नव्हेत.

येथें कोणी विचारील कीं मग मुंबईच्या टॅक्सींचें काय? काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचें अस्तर तर दर दोन-चार वर्षांनीं बदलत असे. छतावर वेलबुट्टी, आसनांवर झगझगीत प्लास्टिक. २०१५ सालीं तर टॅक्सी फॅब्रिक नांवाच्या उपक्रमांत तरुण चित्रकारांनीं खास चित्रें काढून टॅक्सींचीं आसनें व छतें मढविलीं. हा प्रश्न योग्य आहे. टॅक्सीचा धर्मच बदलण्याचा होता. आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळें रस्त्यावरून गेली, तेव्हां तो बदल थांबला. म्हणून तशी एकादी टॅक्सी कोणी जतन करणार असेल तर त्यानें तिला कारखान्यांतून आली तशी करूं नये. तिचें शेवटचें अस्तर, तीं प्लास्टिकचीं फुलें, आरशाखालची ती मूर्ति, हेंच तिचें मूळ स्वरूप आहे.

गाडी वापरूं नये, असाहि माझ्या बोलण्याचा अर्थ नाहीं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक गाडी दसऱ्याला दसरा चौकांत येते आणि लोक सोन्याइतक्याच उत्सुकतेनें तिची वाट पाहतात. वर्षांतून एकदां कां होईना, माणूस बसलेली गाडी आणि दोरीपलीकडे ठेवलेली गाडी यांत फरक असतो. कातडें बसण्यानें जितकें खराब होतें त्याहून अधिक तें कोणी न बसल्यानें होतें. तें ताठरतें, त्यावर बुरशी येते, आणि कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

म्हणून शेवटीं देखभालीचें सांगून माझें भाषण पुरें करतों. इंदापूर-बारामतीकडे उन्हाळ्यांत पारा चाळिसांपलीकडे जातो. बंद कांचांच्या गाडींत त्याहून पुष्कळच वर. पत्र्याच्या छपराखालीं गाडी ठेवावी लागली तर कांचा बोटभर उघड्या ठेवाव्या, आणि वर प्लास्टिकची नव्हे तर सुती कापडाची खोळ घालावी. प्लास्टिकखालीं घाम सांचतो. पावसाळ्यानंतर गालिचे उचलून खालचें तागाचें किंवा नमद्याचें अस्तर वाळलें आहे कीं नाहीं तें हातानें पाहावें. वरून कोरडा गालिचा आणि खालीं सडलेला पत्रा ही जोडी फार गाड्यांत आढळते. गाळपाच्या हंगामांत साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून काजळी येऊन बसते. ती कोरड्या फडक्यानें घासली कीं कातड्यावर ओरखडे उठतात, म्हणून आधीं फुंकर घालून किंवा मऊ कुंचल्यानें झाडून मग ओलसर फडकें फिरवावें. आणि उसाची तोडणी सुरू झाली म्हणजे फडांतले उंदीर आसरा शोधीत निघतात. काथ्या, केंस आणि कापूस यांनीं भरलेलें आसन त्यांना आयतें बाळंतघर वाटतें. डांबराच्या गोळ्या ठेवूं नका. त्यांचा वास आसनांतून वर्ष वर्ष जात नाहीं. आठवड्यांतून एकदां दारें उघडून पंधरा मिनिटें आंत बसावें. उंदरानें घर केलें असेल तर तें बसल्याबरोबर कळतें.